बंद खात्याचं पाणी

लंकाबाईने पदराची गाठ सोडली आणि चिनी मातीचे तीन फ्यूज ओट्यावर टाकले. त्यातला एक गडगडत जाऊन हंड्याला आपटला.

"हे कुठले?" तेजस्विनीने वाचत असलेला पेपर बाजूला ठेवला.

"विहिरीवरचे. कुंडलिक भावजींचा ऊस पानी पीत व्हता. आता पिऊन दाखव म्हनावं."

"आई, मेन स्विच पाडलास ना आधी?"

"तुझा बाप मोटार जोडायचा तवा त्याच्या हातात पकड कोन द्यायचं? शिकवू नको मला."

तेजस्विनीने आईकडे पाहिलं. खांद्यावर वाफ्यांची दारं धरायचं फावडं तसंच होतं आणि फावड्याला माती लागलेली नव्हती. म्हणजे कांद्याला पाणी मिळालंच नव्हतं.

"पण आज आपला दिवस आहे."

"व्हता. मोटारीच्या खोलीच्या दारावर पाळीचा नवा कागद डकवलाय. आजबी भावजींचं नाव, उद्याबी भावजींचंच. आपलं कुठंच न्हाई. म्या इचारलं, तर म्हनले, वयनी, आमी न्हाई काढलं, कंप्युटरनं काढलं."

तेजस्विनीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने फ्यूज उचलले, एकेक पुसला आणि आईच्या पदरात परत बांधले. "चल," ती म्हणाली. "लाईट चारला जाते."

खोडदच्या त्या विहिरीत भावकीतल्या पाच घरांचा हिस्सा होता. पाच जण, पाच दिवसांचं चक्र, ज्याच्या-त्याच्या वाट्याला एक दिवस. कुंडलिक, दादाभाऊ, रखमाजी, सयाजी आणि सोपान. ज्याचं भिजवून संपेल त्याने पाट फोडायचा आणि पुढच्याला हाक द्यायची. शिवारातून त्या हाका लांबवर ऐकू येत. सोपान म्हणजे तेजस्विनीचा बाप. तो जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी आपलं पाणी उरकलं की सयाजी बांधावर उभा राहून ओरडायचा, "सोपाऽऽन, पानी आलं!" आणि लंकाबाई फावडं घेऊन धावायची. दुसऱ्याच्या बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती, म्हणून मेलेल्या माणसाला हाक मारायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तेजस्विनीला मात्र दर वेळी ती हाक नकोशी व्हायची, आणि ती पुस्तकातून डोकं वर काढायची नाही.

सातबाऱ्यावर वारस म्हणून लंकाबाईचं नाव लागलं होतं. पण सातबारा राहतो तलाठ्याकडे आणि पाणी चालतं मोटारीच्या खोलीवरच्या कागदाप्रमाणे.

हा कागद कंप्युटरमधून निघायला लागला तो आदेशमुळे. आदेश हा कुंडलिकचा मुलगा, नारायणगावात कंप्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा. त्याने पुण्याहून घरखर्चाचा हिशेब ठेवायच्या प्रोग्रॅमची सीडी आणली. बँकेने नेटवरून खातं बघायची सोय केली होती. आदेशने पाचही जणांची खाती त्या प्रोग्रॅमला जोडून टाकली. महिन्यातून एकदा फोनची वायर मशीनला लावायची, मोडेम कर्कश ओरडायचा, आणि मोटारीचं बिल कुणाच्या खात्यातून किती कापलं गेलं ते आपोआप उतरायचं. पाच जणांचे पासवर्डही आदेशनेच ठरवलेले. सोपानचा पासवर्ड होता त्याच्या बैलाचं नाव, सर्जा. सगळं गाव हे जाणत होतं आणि कुणाला त्याची फिकीर नव्हती.

त्या प्रोग्रॅममध्ये कॅलेंडर होतं. कुठलं बिल कधी भरायचं याची आठवण ठेवायला ते दिलेलं. आदेशला वाटलं, पाण्याची पाळीही यातच बसवावी. त्याने प्रत्येकाच्या खात्यावर दर पाच दिवसांनी येणारं एक खोटं बिल टाकलं, रक्कम शून्य, नाव 'पाणी'. पहिल्या तारखेला कॅलेंडर छापायचं आणि खोलीच्या दारावर डकवायचं. भांडणं कमी झाली. सगळे खूश होते. पाण्याचा दिवस बँकेच्या खात्याला टांगून ठेवलाय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि गेल्या महिन्यात सोपानचं खातं बंद झालं. ते लंकाबाई आणि तेजस्विनीने स्वतःच बँकेत जाऊन बंद केलं होतं. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, दोन जामीनदार, आणि "साहेब जेवायला गेलेत" हे असंख्य वेळा ऐकून. बिलाचे पैसे त्यानंतर लंकाबाईने कुंडलिकच्या हातात नेऊन दिले. त्याने ते मोजून खिशात घातले आणि चहाही पाजला.

आता फेब्रुवारीत कांदा पोसायला लागला होता. या पाळीला पाणी चुकलं तर पुढची पाळी येईपर्यंत माती भेगाळणार, आणि कांद्याची गोलटी होणार, लिंबाएवढी, व्यापारी हातात घेऊन हसतो तशी. पण तेजस्विनीला त्याहून मोठी धास्ती होती. आज कागदावरून गेलेलं नाव पुढच्या वर्षी विहिरीतून जाईल. मग विचारतील, तुमी कुठं पानी घेत व्हता?

कुंडलिकच्या पडवीत आधीच बैठक भरली होती. मोटार बंद पडल्याबरोबर त्याने सगळ्यांना फोन केले होते. रखमाजी भावकीत सगळ्यात वडील, तो खुर्चीत. दादाभाऊ आणि सयाजी सतरंजीवर. कोपऱ्यात कंप्युटर, वर क्रोशाचं झाकण, मशीनच्या डब्यावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून तसंच.

"या, या! चोर सोताच्या पायानं आलं," कुंडलिक म्हणाला.

"पानी कुनी चोरलं ते आधी ठरू द्या," लंकाबाई उंबऱ्याशीच थांबली. आत बसलेल्या पुरुषांत ती कधी जात नसे, आजही गेली नाही. पण उंबरा तिने सोडला नाही.

"सूनबाई, फ्यूज कुठं हायेत?" रखमाजीने विचारलं.

"पदरात."

"द्या बरं. लाईट जाईल राव, उगं सगळ्यांचंच नुकसान."

"सगळ्यांचं कसं? आज फकस्त भावजींचं हाय ना? कागदावर तसंच हाय."

सयाजी हसला आणि कुंडलिकने बघितल्यावर गप्प झाला.

"हे बघा रखमाजीबाबा," कुंडलिकने आवाज चढवला. "माझ्यावर आळ नको. सोपानचं खातं बंद झालं. बंद केलं कुनी? ह्या मायलेकींनी. बंद खातं जोडाया गेलं की कंप्युटर लाल दाखवतो. आदेशनं ते काढलं. त्याबरुबर पाळी उडाली. मशीनला काय भावकी कळती व्हय? मी काय त्यात हात घातला?"

तेजस्विनीला राग आला की ती ओरडत नसे. ती प्रश्न विचारायची. कॉलेजात प्रयोगशाळेच्या सरांना ते आवडायचं आणि घरी कुणालाच आवडायचं नाही.

"आदेश, तू नेमकं काय दाबलंस?"

आदेश तिच्याच वर्गात होता दहावीपर्यंत. तो खाली बघत म्हणाला, "डिलीट."

"दाबल्यावर काय झालं?"

"त्यानं विचारलं, खात्री आहे का."

"म्हणजे मशीनने विचारलं. मग 'हो' कुणी म्हटलं?"

"तेजू, अगं खातं बंदच होतं ना. दर वेळी लाल पट्टी. कनेक्ट होत नाही, कनेक्ट होत नाही. अण्णा म्हणाले काढ, तर काढलं." त्याने बापाकडे बघितलं.

"प्रोग्रॅममधली मदतीची पानं वाचलीस?"

"ती कोण वाचतं का?"

तिने क्रोशाचं झाकण बाजूला केलं, कंप्युटर लावला आणि प्रोग्रॅम उघडून कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं मदतीचं बटण दाबलं. इंग्रजीतलं पान आलं. ती शांतपणे, सगळ्यांना कळेल असं, मराठीत सांगत गेली. "बँकेतलं खातं बंद झालं असेल तर आधी त्याची बँकेशी असलेली जोडणी तोडा. मग ते 'बंद' म्हणून खूण करा. त्यातल्या जुन्या नोंदी जागेवर राहतील. खातं पुसून टाकू नका. पुसलं तर त्याच्या नोंदी आणि पुढची बिलं सगळी जातील. पुसायचं फक्त चुकून उघडलेलं खातं." तिने मान वळवली. "चुकून उघडलेलं. माझे वडील चुकून उघडलेले नव्हते."

मग दादाभाऊ म्हणाला, "पोरी, जोडनी तोडायची पन खातं ठेवायचं, ह्यात फरक काय?"

"दादाभाऊकाका, तुमचा फोन कापला तर तुमचं घर पाडायला येतात का?"

"आता बास कर गं!" कुंडलिक उठला. "झालं ते झालं. पोराची चूक. कंप्युटरनं दिवस उडवला, आन् चक्र पुढं सरकलं. त्याला मी काय करू?"

इथे तेजस्विनी थांबली. राग होताच, पण त्याच्या आत काहीतरी टोचलं. चक्र पुढं सरकलं? प्रत्येकाचं बिल दर पाच दिवसांनी. एकाचं पुसलं तर बाकीच्यांचं आपापल्या दिवशीच राहणार. सरकणार कसं?

तिने टेबलाच्या खणातली फ्लॉपी घेतली, मशीनमध्ये सरकवली आणि सगळ्या फाईलची प्रत करून घेतली. प्रयोगाआधी प्रत, ही तिची सवय. फ्लॉपी ओढणीच्या टोकात बांधली.

"करून बघू," ती म्हणाली. "जसं आदेशने केलं तसंच. वडिलांचं खातं तर आता नाही. दुसऱ्या कुणाचं तरी घ्यावं लागेल."

"कुनाचं?" सयाजीने विचारलं, अगदी उत्सुकतेने.

"कुंडलिककाकांचं."

"ए, ए! हात लावू नको!"

तिने डिलीट दाबलं. चौकट आली. तिने ती मोठ्याने वाचली. "हे खातं आणि त्याची पुढची सगळी बिलं पुसली जातील. पुढे जायचं का? बघा काका, मशीन विचारतंय. हो की नाही, दोन्ही बटणं आहेत." आणि तिने 'हो' दाबलं.

कुंडलिक खुर्चीला अडखळला. आदेशने दोन्ही हात डोक्याला लावले. तेजस्विनीने छापायचं बटण दाबलं आणि तो जुना प्रिंटर करकरत, दात खात कागद बाहेर काढू लागला. सगळे त्या आवाजाकडे बघत राहिले. कागद निघाला. तिने तो फाडून रखमाजीच्या हातात दिला.

"बाबा, आजच्या चौकटीत कुणाचं नाव आहे?"

रखमाजीने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कुनाचंच न्हाई. रिकामी हाय."

"आणि उद्याची?"

"तीबी रिकामी."

"पुढच्या पाच दिवसांत?"

त्याने बोट फिरवलं. "दादाभाऊ हाय. मी हाय. सयाजी हाय. मंग परत दोन रिकाम्या."

"म्हणजे पुसलं की दिवस रिकामा राहतो. दुसऱ्या कुणाचं नाव आपोआप येऊन बसत नाही, चक्रही सरकत नाही. मशीनने फक्त माझ्या वडिलांचा दिवस रिकामा केला होता. त्या रिकाम्या चौकटीत कुंडलिककाकांचं नाव हाताने टाकलंय." ती आदेशकडे वळली. "हो ना?"

आदेशचे कान लाल झाले होते. "अण्णा म्हणाले, रिकामी चौकट बरी दिसत नाही."

"आन् भरलेली उसाला बरी दिसती!" लंकाबाई उंबऱ्यावरून कडाडली. "रखमाजीबाबा, ऐकलं का? मशीनला भावकी कळत न्हाई म्हनं! मशीननं जागा मोकळी ठिवली व्हती हो. भावानं भरली!"

"बिलाचं कोन बघनार व्हतं? खातंच न्हाई तर कापायचं कुठनं?" कुंडलिक म्हणाला.

"माज्या हातून घेतले तवा खातं न्हाई लागलं? खिशाला बरी जोडनी हाय तुमच्या!"

आता सयाजी उघडच हसला. दादाभाऊने तोंडावर उपरणं घेतलं. कुंडलिक एकदा प्रिंटरकडे, एकदा रिकाम्या चौकटींकडे बघत होता. स्वतःचं नाव नसलेला कागद माणसाने पहिल्यांदाच पाहिला की त्याचा चेहरा कसा होतो, हे तेजस्विनीने नीट पाहून घेतलं. तिला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. बरं वाटलं नाही. राग होता तिथेच होता.

"पोरी, माझं परत येतं का?" तो शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता.

"येतं."

"मंग आन. आन् मी काय म्हनतो, वाद नको. सोपानचंबी परत टाकू. हाय तसं. 'सोपान' म्हनून टाक तू, लाल पट्टी ऱ्हाऊ दे बापडी. झालं? वयनी, द्या फ्यूज."

रखमाजीने मान हलवली. सयाजीनेही. सगळ्यांनाच वाटलं की मिटलं. तेजस्विनीचा हातही ओढणीच्या गाठीकडे गेला.

"न्हाई," लंकाबाई म्हणाली.

"आता काय?"

"त्यांचं खातं बंद झालं. म्या सही केली, शिक्का मारून घेतला. बंद ते बंद. मेल्या मानसाच्या नावावर पानी ठिवलं की पुन्ना कुनाला तरी लाल दिसंल, पुन्ना कुनीतरी पुसंल. माजं नाव टाका."

कुंडलिक खरोखर गोंधळला. "बाईच्या नावानं पाळी? आन् हाक कशी मारायची? शिवारात तुमच्या नावानं वरडायचं व्हय गड्यामानसांनी? लाज हाय का काय?"

"तीन वरसं मसनात गेलेल्या मानसाला वरडताय," लंकाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "दर पाचव्या दिवशी. सोपान, पानी आलं. सोपान, पानी आलं. मी चुलीपुढनं उठून पळती. तवा न्हाई कुनाला लाज वाटली? कांद्याला फावडं मी लावती. हाकबी माजी पायजे."

तेजस्विनी आईकडे बघत होती. तीन वर्षं ती समजत होती की त्या हाकेचा त्रास फक्त तिलाच होतो.

रखमाजी खुर्चीतून उठला. "टाक गं पोरी नाव," तो म्हणाला. "सूनबाईचं बराबर हाय. आमाला ते सुचाया पायजे व्हतं."

तिने फ्लॉपी लावली. पुसायच्या आधीची प्रत उघडली; कुंडलिक परत आला, दोन दिवस घेऊन. त्यातला एक तिने काढला. आदेश शेजारी वाकून उभा होता. त्याने हळूच सांगितलं की सोपानचं खातं पुसायच्या आधीची जुनी फाईलही मशीनमध्ये कुठेतरी पडून आहे, प्रोग्रॅम आपणहून ठेवतो. तिने ती शोधली आणि वडिलांचं खातं त्यातून आणलं. मग जोडणी तोडली, सर्जाचं नाव काढलं, खातं 'बंद' म्हणून खूण केली. लाल पट्टी गेली. सोपान खालच्या यादीत जाऊन बसला, राखाडी अक्षरांत, त्याची सगळी वर्षं त्याच्याजवळ. वर तिने नवीन नाव लिहिलं. बँक: नाही. दर पाच दिवसांनी, पाणी.

"ह्या खात्याला जोडणी नाही," ती आदेशला म्हणाली. "याला कुठल्याच बँकेशी जोडू नकोस."

"नाही जोडत," तो म्हणाला. "आणि तेजू, पुढच्या महिन्यापासून पाळीचं वेगळं ठेवू. हिशेबात नको."

"आज सुचलं?" ती म्हणाली. त्याला दिलासा द्यायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

विहिरीवर सगळेच आले. लंकाबाईने मेन स्विच पाडलेला आहे ना हे बघितलं, फ्यूज एकेक करून बसवले, स्विच वर केला, आणि मोटार घुमली. पाणी पाटाला आलं. पाट अजून कुंडलिकच्या उसाकडेच वळलेला होता. तो फोडायचा कुंडलिकने, आणि हाक द्यायचीही त्यानेच, कारण पाणी त्याच्याकडे होतं.

त्याने फावड्याने बांध ओढला. पाणी कांद्याच्या बाजूला वळलं. मग फावडं खांद्यावर टाकून तो चालू लागला.

"काका," तेजस्विनी त्याच्या वाटेत उभी राहिली. "हाक राहिली."

"दिसतंय की तिला पानी आलेलं! डोळं हायेत ना?"

"सगळ्यांनाच दिसतं. तरी मारतात."

तो रखमाजीकडे बघू लागला. रखमाजी पाटाकडे बघत होता. सयाजी आणि दादाभाऊ बांधावर बसले होते, आणि त्यांना कुठेही जायची घाई दिसत नव्हती. पलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून होत्या.

कुंडलिकने घसा खाकरला. "लंकाबाई," तो दातांतून म्हणाला. "पानी आलं."

लंकाबाई दोन वाफे सोडून पुढे उभी होती. फावडं हातात, पदर खोचलेला, पाय ओल्या मातीत. तिने मान वर केली नाही.

"कोन बोलावतंय?" ती म्हणाली. "ऐकाया न्हाई आलं, भावजी. सोपानला हाक मारता तशी मारा."